निवड चाचणीतली धाव यंत्राने मोजा, पण यंत्र नीट लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धांचा आणि क्लबांच्या निवड चाचण्यांचा हंगाम आला की नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलापासून रेशीमबागेपर्यंत आणि शाळांच्या मागच्या मैदानांवरही मुलांना पळवून त्यांचा वेग मोजला जातो. फुटबॉल, खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स, खेळ कोणताही असो, स्प्रिंटची चाचणी असतेच. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत ३० मीटर फ्लाइंग स्टार्ट (आधी पळत वेग घेऊन मग मोजलेली धाव) आहे, खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ५० मीटर धाव आहे. मोजणी मात्र बहुतेक ठिकाणी अजून हातातल्या स्टॉपवॉचवर चालते आणि त्या आकड्यावर मुलाचे नाव यादीत राहते किंवा कटते. बारा-चौदा वर्षांच्या मुलांची निवड स्टॉपवॉचच्या शंभराव्या हिश्शावर करणे थांबवावे, जिल्ह्यासाठी टायमिंग गेटचा (धावणाऱ्याने किरण तोडताच आपोआप वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचा) एक सामायिक संच असावा आणि तो लावण्याची एकच पद्धत सगळ्यांनी पाळावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

स्टॉपवॉचवर ४.३७ दिसते म्हणून ते शंभराव्या हिश्शापर्यंत खरे असते असे नाही. घड्याळ अचूकच असते, चूक अंगठ्याची होते. सुरुवातीचा इशारा पाहून बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. शेवटी मात्र धावणारा समोरून येताना दिसत असतो, अंगठा आधीच तयार असतो आणि बटण वेळेवर, कधी किंचित आधीही, दाबले जाते. उशीर फक्त सुरुवातीला झाल्यामुळे हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. १०० आणि २०० मीटरच्या हँड टायमिंगमध्ये ०.२४ सेकंद मिळवून ते इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडण्याचा प्रघात यातूनच पडला. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींचे विश्वविक्रम १९७७ पासून फक्त पूर्ण स्वयंचलित वेळेवर धरले जातात. हँड टायमिंगचा नियम तर आजही असा आहे की ट्रॅकवरची वेळ पुढच्या दहाव्या हिश्शाला न्यायची, १०.११ आले तर निकालात १०.२ लिहायचे. म्हणजे ॲथलेटिक्सचे नियमपुस्तक हातातल्या घड्याळाचा शंभरावा हिस्सा मानतच नाही, आणि आपण त्यावर गुणवत्ता यादी लावतो.

ही चूक प्रत्येक मुलासाठी सारखी असती तर निदान क्रम तरी बरोबर लागला असता. पण सकाळच्या पहिल्या मुलाला आणि ऊन चढल्यावर साठाव्या मुलाला एकाच चपळाईने बटण दाबणे कोणालाच जमत नाही. दोन रांगांना दोन शिक्षक असले तर दोघांचे अंगठे वेगळे. तेरा वर्षांचा चांगला धावणारा मुलगा पूर्ण वेगात सेकंदाला साधारण ७ मीटर जातो. त्याच्या बाबतीत ०.१ सेकंदाची चूक म्हणजे ७० सेंटीमीटर. निवडीच्या रेषेच्या आसपासची मुले बहुतेक वेळा एवढ्याच अंतरात दाटलेली असतात.

फ्लाइंग स्टार्टमध्ये तर स्टॉपवॉच आणखी तोकडे पडते. घड्याळवाला ३० मीटरच्या रेषेवर उभा असतो, तिथून मुलाची छाती शून्याच्या रेषेवर नेमकी कधी आली हे दिसूच शकत नाही. म्हणून तिथे दुसरा माणूस उभा करून झेंडी खाली पाडायला सांगतात. आता एकाऐवजी दोघांचा उशीर जमा होतो: आधी झेंडीवाल्याचा, मग झेंडी पाहणाऱ्याचा. झेंडीवाला अंदाजाने आधीच झेंडी पाडू लागला की चूक उलट्या दिशेला जाते. एका मुलाला ०.२ चा फायदा आणि पुढच्याला ०.१ चा तोटा, असा हा कारभार होतो.

टायमिंग गेटचे तत्त्व सोपे आहे. ट्रायपॉडवरच्या युनिटमधून इन्फ्रारेड किरण निघतो, समोर दीड-दोन मीटरवरचा रिफ्लेक्टर तो परत पाठवतो, आणि मध्ये शरीर आले की किरण तुटून वेळ नोंदली जाते. गेट पाहत नाही की तुटला तो हाताने, गुडघ्याने की धडाने. एकच बीम (किरण) असलेल्या गेटची मुख्य उणीव हीच. पुढे आलेला हात धडाच्या ३५ सेंटीमीटर पुढे असेल, तर सेकंदाला ७ मीटर वेगात ०.०५ सेकंदाचा फरक पडतो, आणि तो दर धावेला वेगळा पडतो, कारण रेषेवर कोणता हात कुठे असेल हे पावलांवर ठरते. दोन बीमचे गेट दोन्ही किरण एकाच वेळी तुटल्याशिवाय नोंद घेत नाही, त्यामुळे एकट्या हाताने ते फसत नाही. काही एकबीमी गेट रेषेवरचे सगळे व्यत्यय नोंदवतात आणि सर्वांत लांब टिकलेला व्यत्यय धडाचा मानतात; तेही चालते. खरेदी करताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. डिस्प्लेवर ०.००१ दिसते की ०.०१, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि फारसा महत्त्वाचाही नाही.

बीमची उंची धावणाऱ्याच्या कमरेच्या खुब्याएवढी ठेवावी. प्रौढाला ती साधारण १ मीटर होते, १४५ सेंटीमीटर उंचीच्या मुलाला ७५ ते ८० सेंटीमीटर. मोठ्यांसाठी लावलेले गेट तसेच ठेवून १२ वर्षांखालील मुले पळवली तर बीम छाती-खांद्याच्या पातळीवर येतो आणि हलणारे हात तो तोडतात; फार खाली ठेवले तर मांडी आणि गुडघा तोडतात. प्रत्येक वयोगटासाठी एक उंची ठरवावी, ती पत्रकावर लिहावी आणि तो गट संपेपर्यंत हलवू नये.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो सुरुवातीच्या रेषेवर. उभ्या सुरुवातीच्या चाचणीत मुलगा पहिल्या गेटच्या मागे किती अंतरावर उभा आहे यावर निकाल हलतो. पुढचा पाय बीमच्या ३० सेंटीमीटर मागे असेल तर तो बीमपाशी जवळजवळ शून्य वेगाने येतो, १ मीटर मागे असेल तर बरीच गती घेऊन येतो, आणि घड्याळ तिथून सुरू होते. १० मीटरच्या वेळेत नुसत्या एवढ्याने ०.१ सेकंदाहून अधिक फरक पडतो. वर्षभराच्या मेहनतीनेही मुलाच्या १० मीटरमध्ये इतकी सुधारणा सहसा होत नाही! ५० सेंटीमीटर ठरवावे, जमिनीवर टेप चिकटवून खूण करावी, पुढच्या पायाचे बोट खुणेवर ठेवावे. हात रेषेपुढे नको, डोके बीममध्ये झुकलेले नको. मुलाने दोन सेकंद पूर्ण स्थिर राहावे. मागेपुढे झुलून घेतलेली सुरुवात किंवा आधी एक पाय मागे टाकून मारलेली उसळी बाद करावी. शिट्टी मारू नये, मुलाने तयार झाल्यावर आपणहून निघावे. शिट्टीवर घड्याळ सुरू केले तर त्या वेळेत प्रतिक्रियेचा काळ मिसळतो आणि ती वेळ गेटवरून सुरू झालेल्या वेळेशी ताडता येत नाही. दोन शाळांच्या आकड्यांची तुलना करताना हीच गोष्ट विसरली जाते.

फ्लाइंग स्टार्टला या अडचणी कमी, पण धावपट्टी लांब लागते. २० मीटर वेग घ्यायला, ३० मीटर मोजायला आणि थांबायला निदान २० मीटर, म्हणजे एकूण ७० मीटर. थांबायच्या जागेत भिंत, गोलपोस्ट, पार्क केलेल्या गाड्या असतील तर ती चाचणी तिथे घेऊच नये. ज्या शाळेचे मैदान लहान आहे तिने २० मीटर रन-अप आणि १० मीटर फ्लाइंग घ्यावे. रन-अप २० मीटर ठरला की सगळ्यांना तोच. तेरा-चौदाच्या मुलाला आणखी दहा मीटर दिले तर तो वेगही जास्त घेईल. शेवटच्या गेटपुढे ५ मीटरवर दोन कोन (शंकू) ठेवून मुलांना कोनांपर्यंत पळायला सांगावे. नाहीतर मुले गेट दिसताच पाय आवरतात.

अंतर मोजताना स्टीलचा टेप ताणून घ्यावा आणि मोजणी बीमपासून बीमपर्यंत करावी, ट्रायपॉडच्या पायापासून नव्हे. मे महिन्यातल्या उन्हाने ३० मीटरचा स्टील टेप फार तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबतो, त्याची काळजी नको. कापडी टेप खडबडीत मुरुमावर सैल टाकला की २० सेंटीमीटरची चूक सहज होते आणि ती ०.०३ सेकंद खाते. बीम धावपट्टीला काटकोनात हवा: ३-४-५ मीटरचा त्रिकोण दोरीने आखला की काम होते. तिरका बीम लागला तर डावीकडून पळणाऱ्याला आणि उजवीकडून पळणाऱ्याला अंतर वेगळे पडते.

आता नागपूरचे म्हणून जे आहे ते. हिवाळ्यात सकाळी सातला सूर्य खाली असतो आणि किरण सरळ सेन्सरच्या तोंडात शिरतात. गेट अडकते, किंवा कोणी न पळताच वाजते. सकाळच्या चाचणीत मुख्य युनिट पूर्वेला ठेवून त्याचे तोंड पश्चिमेकडे करावे आणि रिफ्लेक्टर पश्चिमेला ठेवावा, संध्याकाळी उलट. दव पडले की रिफ्लेक्टरवर पाण्याचे बारीक थेंब साचतात आणि किरण विखुरतो. दर दहा-पंधरा धावांनी कोरड्या सुती फडक्याने पुसावे. मुरुमाच्या मैदानावर धुळीचेही तसेच. मार्चनंतर वाऱ्याचे झोत ट्रायपॉड हलवतात, म्हणून पायांना वाळूची पिशवी बांधावी. उन्हाळ्यात साडेआठच्या आत चाचणी संपवावी, आणि डिसेंबरच्या गारठ्यात वॉर्म-अप दहाऐवजी वीस मिनिटांचा द्यावा. थंड मांडीने पूर्ण ताकदीची स्प्रिंट मारली की मांडीच्या मागचा स्नायू जातो, आणि चाचणीपायी मुलगा हंगामाबाहेर बसतो. मैदानावर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. दोन्ही बाजूंना दोरी बांधली नाही तर बीम कोणीही तोडते.

मोबाइलने मोजता येते का? येते, अटींसह. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ०.००४ सेकंदाची असते, म्हणजे ७ मीटर वेगाला ३ सेंटीमीटर. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तीच २३ सेंटीमीटर होते, ती कामाची नाही. कमी उजेडात कित्येक फोन आपोआप फ्रेम कमी करतात, म्हणून संध्याकाळी घेतलेले आकडे धरू नयेत. फोन हातात न धरता ट्रायपॉडवर, मोजायच्या टप्प्याच्या बरोबर मध्यावर ठेवावा. फोन धावपट्टीपासून १० मीटर दूर असेल, टप्पा १० मीटरचा असेल आणि खुणेच्या काठ्या धावपट्टीच्या पलीकडे १ मीटरवर रोवल्या असतील, तर त्या मध्यापासून ५ मीटरवर न रोवता ५.५ मीटरवर रोवाव्या लागतात. हे केले नाही तर मुलगा काठीशी दिसतो तेव्हा प्रत्यक्षात रेषेच्या आतच असतो आणि वेळ कमी येते. एका संघाला हे पुरते, दोनशे मुलांच्या निवडीला नाही. फुटबॉलवाले वापरतात ते जीपीएस व्हेस्ट बहुधा सेकंदाला दहाच नोंदी घेतात. सामन्यातली धावपळ त्यात कळते, १० मीटरची वेळ त्यावरून ठरवू नये.

इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना आमची खास विनंती आहे. हे यंत्र इथे बनू शकते. लेझर पॉइंटर आणि एलडीआर (उजेड ओळखणारा साधा सेन्सर) यांच्या जोडीने सुरुवात करू नका: एलडीआरला उजेड-अंधाराचा बदल ओळखायला कित्येक मिलिसेकंद, कधी दहापट जास्त लागतात, आणि कमरेच्या उंचीचा लेझर लहान भावंडांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. कारखान्यातल्या कन्व्हेयरवर असतो तो १८ मिलिमीटरचा पोलराइज्ड रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह (रिफ्लेक्टरवरून परतलेला किरण ओळखणारा) सेन्सर घ्या. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, प्रतिसाद मिलिसेकंदाच्या आसपास देतो आणि त्याला सोबतचा गोल रिफ्लेक्टर दोन-तीन मीटरवरून पुरतो. ईएसपी३२ बोर्डाला (वेळ नोंदवणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलरला) जोडताना एनपीएन आउटपुटचा सेन्सर आणि ३.३ व्होल्टचा पुल-अप वापरा. पीएनपी सेन्सर १२ व्होल्ट थेट पिनवर सोडतो आणि बोर्ड जळतो. काही एनपीएन सेन्सरमध्येही आतच १२ व्होल्टचा पुल-अप असतो, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघा. शंका असेल तर मध्ये ऑप्टोकप्लर घाला. बीम तुटल्याची वेळ त्याच गेटवरच्या बोर्डाने इंटरप्टवर नोंदवावी आणि नंतर पाठवावी. ‘तुटला’ असा संदेश वायफायवरून पाठवून दुसऱ्या टोकाला घड्याळ थांबवले तर वायफायचा कमी-जास्त उशीर वेळेत मिसळतो. सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे ३५-४० मीटरची केबल टाकून दोन्ही सेन्सर एकाच बोर्डाला जोडणे. तुटण्याची आणि जुळण्याची, दोन्ही वेळा नोंदवा. हाताचा व्यत्यय १० मिलिसेकंदांच्या आसपास टिकतो, धडाचा ३० च्या आसपास, त्यावरून धड ओळखता येते. मग पहिले आणि शेवटचे गेट अदलाबदल करून तीच मुले पळवा. सरासरी ०.०१ सेकंदापेक्षा जास्त हलली तर एखाद्या सेन्सरची जोडणी किंवा उंची चुकली आहे.

यंत्र आले म्हणजे आकडा देवाचा झाला असेही नाही. तीच मुले, तीच पट्टी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा पळवावीत. प्रत्येक मुलाच्या दोन वेळांतला फरक काढून त्या फरकांचे प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) १.४१ ने भागावे. जे येईल ती आपल्या चाचणीची नेहमीची चूक. उदाहरणार्थ विचलन ०.०५ आले तर चूक सुमारे ०.०३५ सेकंद, म्हणजे ०.०२ ने पुढे असलेल्या मुलाला वेगवान म्हणण्यात अर्थ नाही. मैदानावर २० मीटरमध्ये ०.०४ ते ०.०६ सेकंदाची आघाडी ३० ते ५० सेंटीमीटरची होते, चेंडूवर खांदा आधी पोहोचायला ती पुरते. चाचणीची चूक याच्या आत ठेवता आली तरच ती संघाच्या उपयोगाची. प्रत्येकाला तीन धावा द्याव्यात, मध्ये निदान तीन मिनिटे विश्रांती, तिन्ही वेळा लिहाव्यात आणि सर्वांत चांगली धरावी. काटोल, उमरेड, रामटेककडून येणारी कित्येक मुले अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटांत पळतात, शहरातली काही स्पाइक्स घालून येतात. सगळ्यांना एकाच प्रकारे पळवावे, आणि सिंथेटिक ट्रॅकवरची वेळ मुरुमावरच्या वेळेशेजारी लिहू नये. मुलांची जोमाची वाढ साधारण चौदाव्या वर्षी होते, मुलींची बाराव्या. तेराव्या वर्षी मिशी फुटलेला मुलगा आज पुढे दिसतो, तो दोन वर्षांनी पुढे असेलच असे नाही, म्हणून वेळेशेजारी जन्मतारीख, उंची आणि बसून मोजलेली उंची यांचीही नोंद हवी.

आमची मागणी आवाक्यातली आहे. दोन बीमची तीन गेट, दोन स्टीलचे टेप, वाळूच्या पिशव्या आणि एक छापील पत्रक असा संच मानकापूरच्या संकुलात ठेवावा. शाळांना आणि क्लबांना तो तारीख नोंदवून मिळावा, आणि शारीरिक शिक्षण शिक्षकांना अर्ध्या दिवसात तो लावायला शिकवावे. एकट्या शाळेने विकत घेऊन कपाटात ठेवण्याची ही वस्तू नाही. खासदार क्रीडा महोत्सवासारख्या मोठ्या उपक्रमातूनही त्याची सोय होऊ शकते.

संच येईपर्यंत स्टॉपवॉचच वापरावे लागणार, तर ते नियमाने वापरावे. तीन घड्याळे लावावीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली, आणि दोनच घड्याळे चालली तर जास्तीची. सगळ्या वेळा दहाव्या हिश्शाला नेऊन लिहाव्यात. पत्रकावर हँड टायमिंग की इलेक्ट्रॉनिक, सुरुवातीचे अंतर, मैदानाचा प्रकार, पादत्राणे आणि वारा हे रकाने असावेत. आणि निवडीच्या रेषेच्या खाली ०.२ सेकंदांच्या आत राहिलेल्या प्रत्येक मुलाला, नाव कापण्याआधी, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळू द्यावे.

आपले,
काही शारीरिक शिक्षण शिक्षक व प्रशिक्षक,
नागपूर